बांधावरची तार आणि यंत्राने लिहिलेला अर्ज

आदरणीय ताई,

तालुक्याच्या कोर्टात मी गेली तीन वर्षे एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम करते. वर्षभरापूर्वी मी कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक साधन वापरू लागले. नोटिसा, अर्ज, कैफियती, सगळ्यांचे मसुदे त्यावर होऊ लागले. ज्याला दोन दिवस लागत ते तासाभरात उरकू लागले आणि सरांनीही कौतुक केले. गेल्या महिन्यात एका शेतकरी पक्षकाराचा रस्त्याचा अर्ज महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे दाखल केला. त्यांच्या शेतात जाणारी वाट शेजाऱ्याने जूनमध्ये काटेरी तार ओढून बंद केली आहे. मसुदा यंत्राचा होता आणि वाचायला उत्तम होता. सुनावणीत तहसीलदारांनी एवढेच विचारले, "वाट वडिलांच्या काळापासून आहे असे तुम्हीच लिहिले आहे, मग कलम १४३ खाली रस्ता कशाला मागता?" मला उत्तर देता आले नाही. अर्जावर सही माझी होती आणि त्यातला मुद्दाच मला ठाऊक नव्हता. पक्षकार शेजारी उभे होते. तेव्हापासून भीती वाटते की मी विचार करणेच विसरले आहे. हे साधन कायमचे बंद करावे का? आणि सरांना हे सांगावे का?

– एक कनिष्ठ वकील

तुमचे पत्र नोव्हेंबरात हाती पडले त्याच दिवशी मुदतीविषयी चार ओळी मी तुम्हाला स्वतंत्रपणे कळवल्या होत्या, कारण हे उत्तर छापून येईपर्यंत ती मुदत उलटून गेली असती. येथे तो मुद्दा पुन्हा मांडते, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या मुदतीतच दिसते.

शेतरस्त्याच्या तक्रारी दोन प्रकारच्या असतात आणि त्यांचे कायदेही दोन आहेत. शेतात जायला वाटच नसेल, तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली दुसऱ्याच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, रस्ता मागता येतो; तेथे तहसीलदार शेतकऱ्याची वाजवी गरज किती आहे हे पाहून निर्णय देतात. वाट आधीपासून वहिवाटीत असेल आणि ती कोणी अडवली असेल, तर मामलेदार न्यायालये अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अडथळा दूर करून मागायचा असतो, आणि तो दावा अडथळा पहिल्यांदा झाला त्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. तुमच्या पक्षकाराची वाट वडिलांच्या काळापासूनची होती आणि तार जूनमध्ये ओढली गेली होती. म्हणजे सहा महिने डिसेंबरात संपत होते, आणि तुमचा सुबक भाषेतला अर्ज दुसऱ्याच कलमाखाली पडून होता. तहसीलदारांनी तो प्रश्न विचारला नसता तर मुदत गेल्याचे तुम्हाला कळलेही नसते, म्हणून त्या प्रश्नाला अपमान समजू नका. त्यांनी तुमच्या पक्षकारावर उपकारच केला आहे.

आता यंत्राने कलम १४३ का लिहिले, याचा विचार करू. तुम्ही त्याला नेमके काय विचारले होते ते पत्रात नाही. पण "शेतरस्त्यासाठी तहसीलदारांकडे करायचा अर्ज लिहून दे" अशा अर्थाचे काही असेल, असा माझा अंदाज आहे. या यंत्रांची घडण अशी आहे की अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दांमागून कोणते शब्द येतात हे ती शिकतात आणि तुमच्या शब्दांपुढे जे सर्वांत संभवनीय, ते लिहीत जातात. "शेतरस्ता", "तहसीलदार" आणि "अर्ज" हे तीन शब्द एकत्र आले की कलम १४३ पुढे येणे साहजिक आहे. तुमच्या पक्षकाराची वाट आधी होती की नव्हती, हे यंत्राने तुम्हाला विचारले नसावे, आणि विचारले असते तरी त्याचे उत्तर तुमच्यापाशी तेव्हा तयार होते का? पत्रावरून मला तसे वाटत नाही. "वडिलांच्या काळापासून" हे शब्द पक्षकाराने बोलता बोलता सांगितले असणार, ते तुम्ही यंत्राला दिलेल्या हकिकतीत गेले असणार आणि तेथून अर्जात उतरले असणार. या सगळ्या प्रवासात त्या दोन शब्दांपाशी कोणीही थांबले नाही. वकिलाचे काम तेथेच थांबण्याचे होते.

म्हणून साधन बंद करावे का, या प्रश्नाआधी ते कामात कोणत्या क्षणी येते हे पाहावे, असे मला वाटते. मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते सर पक्षकार उठून गेल्यावर लगेच कागद पुढे सरकवत आणि म्हणत, "आता तुला काय कळले ते लिही." अर्धे पानच पुरे असे, पण त्यात चार गोष्टी हव्यात असा त्यांचा आग्रह होता: भांडण नेमके कशाचे आहे, पक्षकाराने स्वतः पाहिलेले किती आणि ऐकलेले किती, कोणता दिनांक या प्रकरणाचा कणा आहे, आणि मला अजून काय माहीत नाही. शेवटचा रकाना मोकळा ठेवला की ते चिडत. अज्ञानाची यादी करता येत नाही त्या माणसाने दावा लिहू नये, असे त्यांचे मत होते, आणि आज इतक्या वर्षांच्या वकिलीनंतर माझेही तेच मत आहे. तुमच्या प्रकरणात ते अर्धे पान हाताने लिहिले गेले असते, तर "जून" आणि "वडिलांच्या काळापासून" हे दोन उल्लेख एकाखाली एक आले असते, आणि ते तसे आले की मुदतीचा विचार डोक्यात आल्यावाचून राहत नाही.

यंत्र उघडण्याआधी हे टिपण पूर्ण करा. पुढे सांगेन ते सारे याच्यामागून येते, कारण यंत्राचा तयार मसुदा एकदा डोळ्यांसमोर आला की आपले मन त्याच्याच चौकटीत फिरू लागते. आपण शब्द बदलतो, वाक्ये आखूड करतो, पण मुळात हा अर्ज याच कलमाखाली हवा होता का, असा प्रश्न तयार मजकुरापुढे बसलेल्या माणसाला सहसा पडत नाही. कोऱ्या कागदापुढे बसलेल्याला मात्र तो प्रश्न टाळता येत नाही, कारण पहिली ओळ लिहायलाच कलम ठरवावे लागते. मसुदा लिहिताना लागणारा जो त्रास आपल्याला वाया गेलेला वेळ वाटतो, त्यातला बराचसा त्रास म्हणजे प्रत्यक्ष विचारच असतो. तुमचे दोन दिवसांचे काम तासाभरात झाले तेव्हा टंकलेखनाचा वेळ वाचला हे खरे, पण त्याबरोबर हा वेळही गेला.

शब्दांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या भागातल्या दाव्यांचे भवितव्य पुष्कळदा एका शब्दावर ठरते. तुमच्या अर्जात कोणता शब्द होता ते मला माहीत नाही, परंतु यंत्राने लिहिलेले असे काही मसुदे माझ्याकडे तपासायला आले आहेत आणि त्यांत "प्रवेशमार्ग" हा शब्द मी वारंवार पाहिला आहे. शेतकरी "प्रवेशमार्ग" म्हणत नाही. तो गाडीवाट म्हणतो, पाऊलवाट म्हणतो, पाणंद म्हणतो, शिवेचा रस्ता म्हणतो, आणि या प्रत्येक शब्दाचा अर्थ वेगळा आहे. गावच्या नकाशावर पाऊलवाट एका तुटक रेषेने दाखवतात आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने. पहिल्याची रुंदी सव्वाआठ फूट आणि दुसऱ्याची साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. तुमचा पक्षकार "गाडीवाट" म्हणाला असेल आणि अर्जात "प्रवेशमार्ग" गेला असेल, तर बैलगाडी, ट्रॅक्टर आणि उसाची वाहतूक यांचा सारा पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने पुसला. साक्षीत विरुद्ध बाजूचा वकील विचारील, "प्रवेशमार्ग म्हणजे काय हो?" आणि तुमचा म्हातारा पक्षकार गोंधळून तुमच्याकडे पाहील. शपथपत्रात पक्षकाराचे शब्द पक्षकाराचेच राहू द्या. भाषा ओबडधोबड राहिली तरी चालेल.

भाषांतराच्या बाबतीत तर हा धोका सर्वोच्च न्यायालयानेही अनुभवला आहे. निकालांच्या भाषांतरासाठी तेथे २०१९ पासून सुवास हे साधन वापरले जाते आणि त्याचे काम माणसांकडून तपासून घ्यावे लागते. यंत्राने "लीव्ह ग्रँटेड" याचे भाषांतर सुट्टी मंजूर झाल्यासारखे केल्याचे उदाहरण न्यायमूर्ती भूषण गवई यांनी जाहीरपणे दिले होते. अपिलाची परवानगी आणि सुट्टी यांतला फरक कोर्टात एक दिवस बसलेल्या कारकुनालाही कळतो. तो कळण्यासाठी कोर्ट पाहिलेले असावे लागते.

टिपण झाल्यावर मात्र यंत्राला जरूर बोलवा, आणि शक्यतो विरुद्ध बाजूचा वकील म्हणून बोलवा. तुमची बाजू तुमच्या शब्दांत मांडा आणि त्याला सांगा की यातल्या उणिवा काढ, या हकिकतीवर उलटतपासात कोणते प्रश्न येतील ते लिही, कोणता दिनांक आणि कोणता कागद कमी पडतो ते सांग. या कामात हे साधन खरोखर उपयोगी पडते, असा माझा स्वतःचा अनुभव आहे. त्याने काढलेल्या दहा हरकतींपैकी सहा निरर्थक असतात, तीन आपल्याला सुचलेल्याच असतात आणि एखादी अशी निघते की आपण सुनावणीच्या आदल्या रात्री जागे राहतो. निरर्थक कोणत्या आणि कामाची कोणती हे ठरवताना तुमची बुद्धी कामाला लागते, म्हणून या रीतीने साधन वापरल्याने विचार करण्याची सवय मोडत नाही. लांबलचक कागदपत्रांतून दिनांकवार घटनाक्रम लावणे, इंग्रजी नोटिशीचा कच्चा मराठी तर्जुमा काढणे, शुद्धलेखन पाहणे, यांसाठीही ते वापरा. फक्त मूळ कागद शेजारी ठेवून प्रत्येक दिनांकावर बोट फिरवा.

निवाड्यांच्या बाबतीत मी कडक आहे. यंत्राने सांगितलेला निवाडा तुम्ही स्वतः उघडून, निदान ज्या परिच्छेदाचा आधार घेता तो परिच्छेद वाचून, मगच अर्जात लिहायचा. अमेरिकेत २०२३ साली एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात दाखल केले आणि न्यायाधीशांनी त्यांना पाच हजार डॉलरचा दंड केला. दंडापेक्षा मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांच्यापैकी एकाने शंका आल्यावर त्याच यंत्राला विचारले होते की हा निवाडा खरा आहे ना, आणि यंत्राने होकार दिला होता. साक्षीदाराची खातरजमा त्याच साक्षीदाराकडून करण्याचा हा प्रकार आपण कोणत्याही पक्षकाराला करू दिला नसता. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकराचा एक निर्धारण आदेश, म्हणजे कर किती हे ठरवणारा आदेश, रद्द केला, कारण अधिकाऱ्याने त्यात ज्या निवाड्यांचा आधार घेतला ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. निवाड्याचा संदर्भ म्हणजे पक्षकारांची नावे, वर्ष, खंड आणि पान. हा साचा इतका ठरलेला आहे की वाक्य रचणाऱ्या यंत्राला तो रचणे अगदी सोपे जाते. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल जानेवारी २०२३ पासून त्याच न्यायालयाच्या ई-एससीआर या ऑनलाइन निकालसंग्रहात विनामूल्य वाचता येतात, त्यामुळे तालुक्यात ग्रंथालय नाही ही सबब आता पुरत नाही. कलमांचेही तेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणुकीचे कलम ४२० जाऊन कलम ३१८ आले, तरी जुने क्रमांक अजून सगळ्या मजकुरात विखुरलेले आहेत आणि यंत्राच्या उत्तरात ते नव्यांच्या शेजारी येऊन बसतात. कलम मूळ अधिनियमातच वाचावे, आणि शेवटपर्यंत वाचावे. सहा महिने कोणत्या दिवसापासून मोजायचे हे मामलेदार न्यायालये अधिनियमाच्या कलम ५ मध्येच दिलेले आहे.

तुमची खरी भीती यापुढची आहे, विचार करणेच विसरल्याची. ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पोलंडमधील चार केंद्रांवरील एका अभ्यासात, जो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत सुरू झाल्यानंतर अनुभवी डॉक्टरांनी त्या मदतीशिवाय केलेल्या तपासण्या पाहिल्या गेल्या. कर्करोगात रूपांतर होऊ शकणाऱ्या गाठी शोधण्याचे प्रमाण आधी २८.४ टक्के होते, ते नंतर २२.४ टक्क्यांवर आले होते. एका अभ्यासावरून सर्व व्यवसायांविषयी निष्कर्ष काढू नये हे मला मान्य आहे, आणि त्या घसरणीला इतर कारणेही असू शकतील. पण ते डॉक्टर शिकलेले आणि मुरलेले होते. तुम्ही अजून शिकता आहात. मुरलेल्या माणसाची सवय सुटली तर ती पुन्हा लावता येते. जी सवय लागलीच नाही तिचे काय करायचे, याची मला तुमच्या वयाच्या वकिलांबाबत अधिक काळजी वाटते. म्हणून माझी तुम्हाला आग्रहाची विनंती अशी आहे की, ज्या प्रकारचे काम तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा करत असाल, त्याचा पहिला मसुदा यंत्राशिवाय लिहा. पहिला मनाई अर्ज, पहिली कैफियत, पहिला वारसाहक्काचा अर्ज हे सारे वाईट लिहिले जाईल, सर त्यावर लाल रेघा मारतील आणि तुम्ही ते पुन्हा लिहाल. तिसऱ्या-चौथ्या वेळेला मदत घ्यायला हरकत नाही, कारण तोवर मसुद्यात काय चुकले हे तुमच्या डोळ्यांना दिसू लागलेले असेल.

पत्रात तुम्ही लिहिलेले नाही तरी एक विचारते. पक्षकाराचे पूर्ण नाव, गट नंबर, आधार क्रमांक, शेजाऱ्याशी झालेल्या जुन्या भांडणाची हकिकत, हे सगळे तुम्ही त्या साधनात जसेच्या तसे टाकले होते का? टाकले असेल तर यापुढे टाकू नका. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, हे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये लिहिलेले आहे, आणि तुमच्या पक्षकाराने ती संमती तुम्हाला दिलेली नाही. नावांऐवजी अ आणि ब लिहिले तरी कायद्याचा प्रश्न तोच राहतो.

सरांना सांगावे का? सांगावे, आणि याच आठवड्यात सांगावे. मसुदा कसा तयार झाला होता, काय तपासले नव्हते आणि मुदतीचे काय झाले, हे सारे सांगा. कौतुक केलेल्या माणसापुढे हे कबूल करणे जड जाते, मी समजू शकते. परंतु तुमच्या मसुद्यांवर ते किती विश्वास ठेवून आहेत हे त्यांना माहीत असायला हवे, कारण वकीलपत्रावर त्यांचेही नाव असते आणि तुमचे आणखी किती मसुदे त्यांनी याच विश्वासाने वरवर पाहून पुढे पाठवले असतील हे तुम्हालाच मोजता येईल. गेल्या वर्षभरातली यंत्रावर तयार झालेली आणि अजून चालू असलेली सारी प्रकरणे एका वहीत लिहून काढा, प्रत्येकापुढे मुदतीचा दिनांक लिहा, आणि सरांसमोर बसून ती यादी वाचा. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी जे धोरण आखले, त्यात निष्कर्ष आणि निर्णय यांसाठी हे साधन वापरायचे नाही असे स्पष्ट सांगितले आहे आणि वापराची नोंद ठेवायला सांगितली आहे. न्यायाधीशांना जी शिस्त लागू होते ती वकिलाच्या कचेरीत स्वखुशीने पाळायला काहीच अडचण नसावी.

पुढच्या तारखेआधी एकदा पक्षकाराबरोबर शेतावर जा. तार कोठून कोठपर्यंत आहे ते चालून पाहा, तिच्या पलीकडे चाकोरीच्या खुणा अजून दिसतात का ते पाहा, आणि शेजारच्या शेतातल्या वयस्कर माणसांना विचारा की पूर्वी येथून काय काय जात असे. जे शब्द ते वापरतील ते तसेच टिपून घ्या. परतताना तलाठी कार्यालयात गावचा नकाशा पाहायला मागा, आणि त्या ठिकाणी तुटक रेघ एक आहे की दोन, ते मला कळवा.